गिऱ्हाईक बदलले म्हणजे मिंधेपण सरले काय?

दावोस येथे दरवर्षी जगातील धनिकांचा आणि त्यांच्या सल्लागारांचा मेळावा भरतो. जानेवारी २०२६ मध्ये तेथे कॅनडाचे पंतप्रधान मार्क कार्नी यांनी केलेल्या भाषणाची बरीच वाखाणणी झाली. नियमांवर आधारलेली म्हणून सांगितली जाणारी आंतरराष्ट्रीय व्यवस्था अर्धीच खरी होती, बलवान राष्ट्रे सोयीनुसार तिच्यातून स्वतःला वगळून घेत होती आणि आता ती व्यवस्था मोडली आहे, असा त्या भाषणाचा आशय होता. ‘बळी तो कान पिळी’ हा न्याय जगाच्या व्यवहारात चालतो, हे आशिया-आफ्रिकेतील जनतेला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ते कळण्यासाठी तिला दावोसची वारी करावी लागली नाही. तरीही कॅनडा आणि इंग्लंड या दोन्ही देशांच्या मध्यवर्ती बँकांचे गव्हर्नरपद भूषविलेला गृहस्थ ही कबुली देतो, याला निश्चित महत्त्व आहे. प्रश्न एवढाच, की ज्या संकटातून ही कबुली निघाली त्याचे मूळ कॅनडाच्या राज्यकर्त्यांनी ओळखले आहे काय, आणि त्यांनी धरलेली वाट त्या देशाला संकटाबाहेर नेणारी आहे काय?

या भाषणाला २०२५ सालातील घटनांची पार्श्वभूमी आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत डोनाल्ड ट्रम्प दुसऱ्यांदा अमेरिकेचे अध्यक्ष झाले आणि कॅनडाने अमेरिकेचे ५१ वे राज्य व्हावे, अशी भाषा त्यांनी उघडपणे चालविली. मार्चमध्ये कॅनडाच्या मालावर २५ टक्के आयातकर बसला. अमेरिका-मेक्सिको-कॅनडा कराराच्या अटींत बसणारा माल काही दिवसांतच त्यातून वगळण्यात आला. पोलाद आणि ॲल्युमिनियमवर मार्चमध्ये लावलेला २५ टक्के कर जूनमध्ये ५० टक्क्यांवर नेण्यात आला. एप्रिलमध्ये मोटारींची पाळी आली. ऑगस्टमध्ये कराराबाहेरील मालावरचा कर ३५ टक्के झाला. विशेष हे, की २०२० साली अमलात आलेला हा करार ट्रम्प यांनी स्वतःच्याच पहिल्या कारकिर्दीत घडवून आणला होता. ज्या देशाच्या निर्यातीपैकी सुमारे तीन-चतुर्थांश माल एकाच गिऱ्हाइकाच्या दारात जातो, त्याची अवस्था गावातील एकुलत्या एका सावकाराकडे खाते असलेल्या कुळासारखी होते. कागदावर काय लिहिले आहे याला तेथे अर्थ नसतो; सावकाराची मर्जी हाच कायदा असतो.

हे परावलंबन आकाशातून पडलेले नाही. हॅरल्ड इनिस या टोरांटोच्या अर्थशास्त्रज्ञाने १९३० च्या सुमारासच दाखवून दिले होते, की मासळी, जनावरांची केसाळ कातडी, लाकूड, गहू अशा एकामागून एक कच्च्या मालाच्या निर्यातीभोवती कॅनडाची अर्थव्यवस्था वाढत गेली. माल घेणारे केंद्र आधी फ्रान्समध्ये होते, मग इंग्लंडमध्ये, आणि पुढे अमेरिकेत आले. केंद्र बदलत गेले, परिघाचे परिघपण कायम राहिले. कॅरी लेव्हिट यांनी १९७० साली ‘सायलेंट सरेंडर’ या ग्रंथात अमेरिकन कंपन्यांच्या हाती गेलेल्या कॅनेडियन उद्योगांची कहाणी मांडली. त्याआधीच, १९६९ मध्ये, न्यू डेमोक्रॅटिक पार्टी या तेथील लोकशाही समाजवादी पक्षात ‘वॅफल’ या नावाने ओळखला जाणारा गट उभा राहिला होता. समाजवादावाचून कॅनडाचे स्वातंत्र्य टिकणार नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. पक्षनेतृत्वाला हा गट जड झाला आणि १९७२ मध्ये त्याला पक्षात राहणे अशक्य करण्यात आले. मात्र त्याने उभा केलेला प्रश्न सत्ताधाऱ्यांनाही टाळता आला नाही. पियर ट्रूडो यांच्या लिबरल सरकारने १९७२ मध्ये अमेरिकेवरील अवलंबन कमी करण्याचा ‘तिसरा पर्याय’ जाहीर केला, १९७३ मध्ये परकीय गुंतवणुकीची छाननी करणारा कायदा केला आणि १९७५ मध्ये पेट्रो-कॅनडा ही सार्वजनिक तेल कंपनी स्थापन केली.

१९८४ मध्ये ब्रायन मलरूनी यांचे कॉन्झर्व्हेटिव्ह सरकार आले आणि हे सारे उलटविण्यात आले. छाननीचा कायदा जाऊन त्याच्या जागी गुंतवणुकीचे स्वागत करणारा कायदा आला. पुढे पेट्रो-कॅनडाच्या खाजगीकरणाला आरंभ झाला. अमेरिकेशी मुक्त व्यापार करार करावा की नाही, या प्रश्नावर नोव्हेंबर १९८८ ची निवडणूक लढविली गेली. कराराला विरोध करणाऱ्या लिबरल आणि न्यू डेमोक्रॅटिक या दोन पक्षांना मिळून निम्म्याहून अधिक मते पडली. कॉन्झर्व्हेटिव्हांना ४३ टक्के मतांवर २९५ पैकी १६९ जागा मिळाल्या. बहुसंख्य मतदारांनी नाकारलेला करार १ जानेवारी १९८९ रोजी अमलात आला आणि १९९४ मध्ये ‘नाफ्टा’च्या रूपाने मेक्सिकोपर्यंत पसरला. त्यात असे एक कलम होते, की कॅनडाने टंचाईच्या काळातही आपल्या तेल-वायूतील अमेरिकेचा आधीचा प्रमाणशीर वाटा कमी करू नये. स्वतःच्या घरात थंडी असतानाही शेजाऱ्याचे सरपण आधी पोचविण्याची ही हमी होती! २०२० च्या करारात ते कलम वगळले गेले. पण तोवर तीस वर्षांत साऱ्या देशाच्या नळवाहिन्या, रेल्वे आणि कारखाने उत्तर-दक्षिण दिशेने बांधले जाऊन चुकले होते.

मार्च २०२५ मध्ये पंतप्रधान झालेले आणि एप्रिलच्या निवडणुकीत राष्ट्रीय अस्मितेच्या लाटेवर विजयी झालेले कार्नी आता दहा वर्षांत अमेरिकेबाहेरील निर्यात दुप्पट करू म्हणतात. जानेवारी २०२६ मध्ये त्यांनी बीजिंगला जाऊन समझोता केला: चीनच्या ४९,००० विजेवरील मोटारींना ६.१ टक्के करावर प्रवेश द्यायचा आणि त्या बदल्यात चीनने कॅनडाच्या कनोला या तेलबियांवरील जबर कर उतरवायचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये आल्बर्टा प्रांताशी करार होऊन पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत नव्या तेलवाहिनीचा मार्ग खुला करण्यात आला. त्याच्या निषेधार्थ एका मंत्र्याने राजीनामा दिला. मोठे प्रकल्प झपाट्याने मंजूर करण्याचा कायदा जून २०२५ मध्येच झाला होता आणि आपल्या संमतीचा हक्क डावलला जाईल, अशी भीती तेथील आदिवासी समाजांनी तेव्हाच व्यक्त केली होती. सरकारी खरेदीत स्वदेशी मालाला प्राधान्य देण्याचे धोरण स्वागतार्ह आहे. परंतु एकंदर योजनेचा गाभा पाहिला तर विकायचा माल मुख्यतः तोच आहे: तेल, वायू, खनिजे, धान्य. तो कोणाच्या मालकीचा आणि त्याचा नफा कोणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न उपस्थितच केला जात नाही. इनिसच्या भाषेत सांगायचे तर केंद्र पुन्हा बदलत आहे, इतकेच.

संरक्षणाच्या क्षेत्रात हा विरोधाभास अधिकच ठळक होतो. अमेरिकेबरोबर संयुक्त हवाई संरक्षणाच्या ‘नोराड’ करारावर १९५८ मध्ये सही झाली. फेब्रुवारी १९५९ मध्ये कॅनडाने स्वतः विकसित केलेले ‘ॲव्हरो ॲरो’ हे लढाऊ विमान रद्द केले. हजारो कुशल कामगार एका दिवसात बेकार झाले आणि स्वतंत्र विमाननिर्मितीची ती संधी गेली ती गेलीच. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेकडून ८८ एफ-३५ विमाने घेण्याचे ठरले. १९०० कोटी डॉलरचा तो अंदाज २७७० कोटींवर गेल्याचे तेथील महालेखापरीक्षकांनी जून २०२५ मध्ये सांगितले. त्याच महिन्यात नाटोच्या हेग परिषदेत संरक्षण व तत्संबंधी खर्च २०३५ पर्यंत देशांतर्गत एकूण उत्पादनाच्या ५ टक्क्यांवर नेण्याचा निर्णय झाला. तो निर्णय ट्रम्प यांच्या आग्रहाचे फळ होता आणि कार्नी यांनी तो मान्य केला. धमकी देणाऱ्यापासून संरक्षण म्हणून धमकी देणाऱ्याचीच मागणी पुरवायची, ही नीती अजब म्हटली पाहिजे. डिसेंबर २०२५ मध्ये कॅनडा युरोपीय संघाच्या शस्त्रखरेदी योजनेत सामील झाला खरा. पण दुकान बदलल्याने शस्त्रांच्या बिलाचा आकडा काही कमी होत नाही.

परराष्ट्र धोरणाचा पाया अर्थव्यवहारात असतो, याचा प्रत्यय याच काळात आला. बड्या अमेरिकन तंत्रज्ञान कंपन्यांवर कॅनडाने ३ टक्के कर बसविला होता. २७ जून २०२५ रोजी ट्रम्प यांनी वाटाघाटी थांबविल्याचे जाहीर केले आणि दोन दिवसांत कॅनडाने तो कर मागे घेतला. सप्टेंबरपासून प्रत्युत्तरादाखल लावलेले बरेचसे आयातकरही उठविले गेले. एवढे नमते घेऊनही पदरात काही पडले नाही. ऑक्टोबरमध्ये आयातकरांवर टीका करणाऱ्या एका जाहिरातीचे निमित्त होऊन बोलणी पुन्हा तुटली. पॅलेस्टाइनला मान्यता देण्याचा विचार कॅनडाने बोलून दाखविताच व्यापार करार कठीण होईल, अशी तंबी मिळाली. सप्टेंबरमध्ये ही मान्यता देण्याचे धैर्य कॅनडाने दाखविले, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. १९६५ मध्ये लेस्टर पीअर्सन यांनी व्हिएतनामवरील बाँबहल्ले थांबविण्याचे आवाहन अमेरिकेच्या भूमीवर केले आणि २००३ मध्ये कॅनडाने इराकवरील स्वारीत भाग घेण्यास नकार दिला, त्या परंपरेशी हे सुसंगत आहे. पण २०२० च्या करारातील ३२ व्या प्रकरणात असे कलम आहे, की एखाद्या पक्षाने ‘बिगर-बाजारी’ देशाशी मुक्त व्यापार केल्यास इतरांना करार मोडता येईल. चीनशी केलेल्या समझोत्यानंतर १०० टक्के कराची धमकी येताच, चीनशी मुक्त व्यापार करण्याचा आपला हेतू नाही, असा खुलासा ओटावाला करावा लागला. कोणाशी मैत्री करावी हे तिसऱ्याला विचारून ठरविणारे राष्ट्र सार्वभौम कसे म्हणावे?

आणि या साऱ्याची किंमत कोण मोजत आहे? नोव्हेंबर २०२५ च्या अंदाजपत्रकात पाच वर्षांत सुमारे ८२०० कोटी डॉलर संरक्षणासाठी ठरविण्यात आले. त्याच अंदाजपत्रकात सरकारी नोकरांची संख्या तिच्या उच्चांकापासून सुमारे ४०,००० ने खाली आणण्याचे आणि गरीब देशांना दिली जाणारी मदत चार वर्षांत २७० कोटी डॉलरने कमी करण्याचेही ठरले. सू सेंट मेरीचे पोलाद कामगार कपातीच्या नोटिसा वाचत आहेत. ब्रॅम्प्टनच्या मोटार कारखान्याला मिळणारे काम कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेतील इलिनॉयकडे वळविले आणि सुमारे तीन हजार कामगार टांगणीला लागले. राष्ट्रीय संकटाचे आवाहन सर्वांना केले जाते. त्यागाची वाटणी मात्र वर्गाप्रमाणे होते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो प्रामाणिक आहे. चार कोटी वस्तीच्या देशाने चौतीस कोटींच्या बाजारपेठेकडे पाठ फिरवावी काय? पाण्यात राहून माशांशी वैर कसे करावे? याचे उत्तर कॅनडाच्याच इतिहासात आहे. १९६५ चा मोटार करार मुक्त व्यापाराचा नव्हता. कॅनडात मोटारी विकायच्या असतील तर ठरावीक प्रमाणात कॅनडातच त्या बनविल्या पाहिजेत, अशी अट त्यात होती. त्या अटीने ऑन्टारिओत कारखाने उभे राहिले आणि कामगार संघटना बलिष्ठ झाल्या. जागतिक व्यापार संघटनेने तो करार नियमबाह्य ठरविला आणि २००१ मध्ये तो संपला. तात्पर्य, शेजाऱ्याशी व्यापार करण्यास कोणा समाजवाद्याचा विरोध नाही. तो नियोजित असावा, समाजाने घातलेल्या अटींवर व्हावा, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

या घडामोडींचा भारताशी थेट संबंध आहे. ट्रॉम्बेची ‘सायरस’ अणुभट्टी कॅनडाच्या साहाय्याने उभी राहिली आणि १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर ते सहकार्य तुटले. २०२३ मध्ये एका शीख फुटीरतावाद्याच्या हत्येवरून दोन्ही देशांचे संबंध विकोपाला गेले. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये जोहान्सबर्ग येथे त्याच दोन देशांनी व्यापक व्यापार कराराची बोलणी सुरू करण्याचे ठरविले. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरही ५० टक्के अमेरिकन कर बसल्याने दोघेही पोळलेले होते. पोळलेल्यांनी एकत्र यावे हे योग्यच; परंतु ते कोणाच्या जिवावर? डिसेंबर २०२३ मध्ये पिवळ्या वाटाण्याची आयात करमुक्त झाली आणि कॅनडा-रशियाच्या स्वस्त वाटाण्यामुळे आपल्या तुरीचा व हरभऱ्याचा भाव पडतो, अशी तक्रार विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी करीत राहिले. नोव्हेंबर २०२५ पासून ३० टक्के कर लावण्यात आला. करार करताना हा कर गहाण पडणार नाही, यावर कार्यकर्त्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले पाहिजे. सास्कॅचवानच्या शेतकऱ्याला ओटावाने आणि लातूरच्या शेतकऱ्याला दिल्लीने वाऱ्यावर सोडून होणारी मैत्री ही दोन्हीकडच्या व्यापाऱ्यांची मैत्री ठरेल.

कॅनडातील समाजवाद्यांची शोकांतिका बोलकी आहे. मुक्त व्यापाराचे भाकीत त्यांनी १९८८ मध्ये अचूक वर्तविले आणि तेव्हा ४३ जागा मिळविल्या. ते भाकीत २०२५ मध्ये खरे ठरले, त्याच वर्षी त्यांच्या पदरी अवघ्या ७ जागा पडल्या. राष्ट्राचा झेंडा एका बँकरच्या हाती गेला. वॅफल गटाचा प्रश्न पक्षाबाहेर घालविला तरी तो प्रश्न संपला नव्हता. तो विरोधकांच्या हाती सापडला. राष्ट्रीय स्वातंत्र्याचा विचार समाजवादी सोडून देतात तेव्हा तो भांडवलदार उचलतात आणि आपल्या सोयीने वापरतात. स्वावलंबन म्हणजे गिऱ्हाइकांची यादी लांबविणे नव्हे. काय पिकवावे, काय बनवावे आणि कोणासाठी, याचा निर्णय श्रमणाऱ्यांच्या हाती येणे, हे स्वावलंबन. कॅनडाला तिथवर जायचे आहे, आणि भारतालाही.