पदवी हाती आली, पुढे?

दिवाळीच्या फराळाला कुणाकडे जावे, चकलीचा पहिला तुकडा मोडावा, आणि तेवढ्यात यजमानांनी मुलांच्या गुणपत्रिका पुढ्यात ठेवाव्यात, हा अनुभव प्राध्यापकाला नवा नाही. मी शिकवतो मराठी. पण ‘सर’ म्हटला की त्याला सारे ठाऊक, अशी लोकांची भाबडी समजूत! गेल्या दिवाळीत शेजारच्या नानांकडे असाच सापडलो. थोरली एलएल.बी. झालेली, धाकटा बी.कॉम.

धाकट्याचे लवकर आटोपले. सी.ए.च्या इंटरमीजिएटला थेट जायचे तर वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के लागतात, याला त्रेपन्न. म्हणजे बारावीच्या पोरांबरोबर फाउंडेशनपासून आरंभ. कॉस्ट अकाउंटंटच्या अभ्यासक्रमात मात्र पदवीधराला फाउंडेशन माफ आहे. ते त्याला रुचले.

घोडे अडले थोरलीपाशी. तिला न्यायाधीश व्हायचे. पदवी घेतली, परीक्षेला बसले, असे आता होत नाही. तीन वर्षे वकिली केलेली हवी, ही अट सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली घातली, २००२ साली काढली आणि २० मे २०२५ च्या निकालाने पुन्हा घातली.

“आणखी तीन वर्षं?” नाना कडाडले. “सर, पेन्शनीवर किती ओढायचं? कंपनी पगार देतेय, ही नको म्हणते!”

नानांचे चुकत नव्हते. ज्युनिअर वकिलाला पहिल्या वर्षी मिळते काय, तर गाडीभाडे सुटले तरी नशीब. पण पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवावी लागते, आणि ती वर्षे मोजणीत येत नाहीत. म्हणजे आज पगार घेतला की न्यायाधीशाची खुर्ची तेवढीच लांबली. हे नानांना पटवायला दोन कप चहा लागला.

मग तिला म्हटले, “बार कौन्सिलची परीक्षा व्हायची म्हणून घरी बसू नकोस. हंगामी सनद मिळाल्या दिवसापासून वर्षे मोजतात. शिवाय पुढे दाखला लागेल. तो मुख्य न्यायिक अधिकाऱ्याचा, किंवा दहा वर्षे वकिली झालेल्याचा आणि त्यावर त्या अधिकाऱ्याची मान्यता. तेव्हा तू उभी राहिलेल्या प्रत्येक दाव्याचा क्रमांक नि तारीख वहीत टिपत जा.”

“काका, आणि पोटापाण्याचं?”

तालुक्याच्या कोर्टाचे काम मराठीत चालते, वरचे इंग्रजीत. कागदपत्रांचे भाषांतर नीट करणारी माणसे वकिलांना हवीच असतात. हे मी सुचवले, त्यात माझ्या विषयाचा थोडा स्वार्थ होता, हे कबूल करतो.

यंदा गेलो तेव्हा तिने वही दाखवली. निम्मी भरली आहे. भाषांतराच्या पैशांतून पावसाळ्यात तिने स्वतःचा काळा कोट शिवला. नाना माझ्याशी अजून जरा तुटकच बोलतात. चकली मात्र त्यांनीच वाढली.