चुकण्याची मुभा

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीत इंग्रजी आले. तेव्हा पहिलीत बसलेली मुले आज तिशीत आहेत. त्यांतली कितीतरी अजूनही इंग्रजीत दोन वाक्ये बोलायची वेळ आली की घसा खाकरत बसतात. इतकी वर्षे शिकून तोंड का उघडत नाही, असे पालक विचारतात आणि धाकट्याला आणखी एक क्लास लावतात. माझ्या मते तास कमी पडलेले नाहीत, भीती जास्त झाली आहे.

ओढ कमी आहे म्हणावे, तर तसेही नाही. रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लँबर्ट यांनी १९५९ साली मॉन्ट्रिऑलमध्ये फ्रेंच शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास मांडला. ज्यांना फ्रेंच माणसांत मिसळायचे होते, ती मुले पुढे होती. पण यास्मीन लुकमानी यांनी मुंबईतल्या मराठीभाषक शाळकरी मुलींची पाहणी १९७२ साली प्रसिद्ध केली, तीत साहेबाच्या प्रेमापेक्षा नोकरीची, बढतीची आस इंग्रजीला अधिक उपयोगी पडलेली दिसली. ही आस आपल्या घरोघरी ओसंडून वाहते आहे. मग अडते कुठे? स्टीफन क्रॅशन यांनी १९८२ च्या पुस्तकात मनातल्या गाळणीची कल्पना मांडली. धास्ती वाढली की गाळणी तुंबते आणि कानावर पडलेली भाषा आत झिरपत नाही. ही गाळणी मोजायची कशी, असा आक्षेप तज्ज्ञ घेतात. घेवोत बापडे, बँकेत मी ती रोज पाहत होतो.

दक्षिणेकडच्या सहकाऱ्यांना प्रबोध, प्रवीण, प्राज्ञ अशा हिंदीच्या परीक्षा द्याव्या लागत. उत्तम गुणांनी ‘प्राज्ञ’ झालेले एक अधिकारी हिंदी बोलणारा खातेदार समोर आला की हळूच शेजारच्याकडे पाहत. लिंग चुकेल, लोक हसतील! आमचा तमिळ कॅशियर मात्र परीक्षेत कसाबसा निघालेला, पण किशोरकुमारचा भक्त. ‘आपका पैसा आ गयी’ असे तो खुशाल ओरडे. लोक हसत, तोही हसे. वर्षभरात अर्धी रांग त्याच्याच खिडकीशी. ‘पैसा’ स्त्रीलिंगीच राहिला.

आपण घरी काय करतो? पाहुणे आले की ‘काकांना इंग्लिश पोएम म्हणून दाखव’, आणि शब्द चुकला की सर्वांदेखत दुरुस्ती. मोडक्या इंग्रजीत पोराने पाणी मागितले, तर आधी पाणी द्यावे. क्रियापद उद्या वहीत पाहता येईल.

शाळेतल्या बाईंना तरी नावे कशी ठेवायची? साहेब तपासणीला वर्गात आले की इंग्रजीच्या तासाला त्यांचाही आवाज खाली जातो.