डॅशबोर्डचा शौक पुरे, एक साधा नकाशा काढा

चार वर्षांपूर्वी आम्ही सहा जण दर रविवारी एकत्र बसायचो. सगळे इंजिनिअर, किंवा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. मोर्चे झाले, निवेदनं झाली, आता कौमसाठी आकड्यांच्या भाषेत बोलायचं, असं ठरलं होतं. त्यासाठी शहरातल्या मुस्लिम वस्त्यांचा 'डॅशबोर्ड' करायचा होता. नकाशावर क्लिक केलं की शाळा, दवाखाना, नळजोडण्या, शाळा सोडलेली मुलं, सगळं समोर. सर्व्हर भाड्याने घेतला, डेटाबेस उभारला, लॉगिन बनवलं. लोगो कसा असावा यावर तीन मीटिंगा झाल्या. आठ महिन्यांनी तो एका नगरसेवकांना दाखवायला गेलो. त्यांच्या ऑफिसातल्या नेटवर नकाशा उघडेचना. पांढऱ्या पडद्यावर एक गोल फिरत राहिला. दहा मिनिटांनी त्यांनी विचारलं, "कागदावर काही आणलंय का?"

कागदावर काहीच नव्हतं.

पुढे सर्व्हरचं बिल भरणारा दोस्त नोकरीसाठी दुबईला गेला आणि पासवर्डही त्याच्याबरोबर गेला. आठ महिन्यांच्या कामातून आज माझ्याकडे एक स्क्रीनशॉट उरला आहे. दोष नगरसेवकांचा नाही, नेटचाही नाही. दोष आमचा होता. आम्ही वस्तीसाठी काम करतोय असं म्हणत होतो, पण खरं तर एकमेकांना आपलं कौशल्य दाखवत होतो.

हे आज लिहायचं कारण म्हणजे तीच हौस पुन्हा उफाळून येताना दिसतेय. १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख असलेल्या जनगणनेची चर्चा सुरू झाल्यापासून प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी ना कुणी 'कम्युनिटी ॲप', 'जीआयएस पोर्टल' किंवा 'एआय डॅशबोर्ड'ची कल्पना टाकतोय. तरुणांच्या मनात काही करायची तळमळ आहे, याचा आनंदच आहे. पण माझं स्पष्ट मत आहे की समाजाच्या लोकसंख्येचा नकाशा काढायला जितकं साधं सॉफ्टवेअर चालेल तितकं साधंच घ्यावं. आणि काही नकाशे कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये काढू नयेत.

आधी आपल्याकडे माहिती काय आहे ते पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ३० लाख मुस्लिम आहेत, म्हणजे लोकसंख्येच्या ११.५४ टक्के. धर्मनिहाय आकडे तालुका आणि शहर पातळीपर्यंत मिळतात, तेही फुकट. म्हणजे सगळा मिळून काही शे ओळींचा तक्ता. त्यासाठी सर्व्हर, लॉगिन आणि डेटाबेस उभारणं म्हणजे कोपऱ्यावरून पाव आणायला ट्रक काढण्यासारखं आहे.

माहितीच नाही अशी आपली तक्रार असते, आणि ती काही प्रमाणात खरीही आहे. सच्चर समितीने २००६ मध्येच राष्ट्रीय डेटा बँकेची शिफारस केली होती. २०११ चे धर्मनिहाय आकडे जाहीर व्हायला ऑगस्ट २०१५ उजाडला. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. पण जे हातात आहे त्याचा तरी आपण काय उपयोग केला? तालुक्याच्या मीटिंगमध्ये आपला किती माणूस आकडा घेऊन उभा राहतो?

नकाशाचं महत्त्व इथेच कळतं. २००८-०९ मध्ये केंद्राने अल्पसंख्याकबहुल जिल्ह्यांसाठी बहुक्षेत्रीय विकास कार्यक्रम सुरू केला, त्यात ९० जिल्हे होते. जिल्हा फार मोठा असतो. पैसा जिल्ह्यात येऊनही मोहल्ल्यापर्यंत पोहोचतोच असं नाही, अशा तक्रारी आल्या. पुढे बाराव्या पंचवार्षिक योजनेत जिल्ह्याऐवजी ब्लॉक आणि शहर हे एकक धरलं गेलं. नाशिक जिल्ह्यात मुस्लिमांचं प्रमाण राज्याच्या सरासरीच्या आसपास आहे. त्याच जिल्ह्यातल्या मालेगाव शहरात मात्र दर पाच माणसांत जवळपास चार मुस्लिम आहेत. जिल्ह्याचा नकाशा रंगवला तर मालेगाव त्यात बुडून जातं, तालुका आणि शहरांचा काढला तर डोळ्यात भरतं. हा फरक महागड्या सॉफ्टवेअरमुळे पडत नाही. कुठलं एकक निवडायचं, या विचाराने पडतो.

सॉफ्टवेअर निवडताना मी आता चारच प्रश्न विचारतो.

पहिला: मोहल्ल्यातली बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी दोन संध्याकाळी बसून हे शिकेल का? शिकणार नसेल तर ते काम कायम आमच्यासारख्या दोन इंजिनिअरांच्या मेहेरबानीवर चालणार. आणि इंजिनिअर पुण्याला, बंगळुरूला, दुबईला निघून जातात.

दुसरा: तयार झालेला नकाशा साध्या फोनवर, कमजोर नेटवर उघडेल का? कागदावर छापता येईल का? सरकारी कचेरीत फाईल चालते. कागद टेबलावर राहतो, त्यावर आवक क्रमांक पडतो. लिंकवर आवक क्रमांक पडत नाही.

तिसरा: उद्या कंपनी बंद पडली तर आपली माहिती बाहेर काढता येईल का? गूगलचं फ्यूजन टेबल्स हे नकाशे काढायचं सोपं साधन जगभरचे पत्रकार वापरायचे. ३ डिसेंबर २०१९ ला ते बंद झालं. ज्यांचा मूळ तक्ता स्वतःकडे होता, त्यांचं फारसं बिघडलं नाही.

चौथा: आपल्या समाजाची कुठली माहिती कुणाच्या सर्व्हरवर चढवावी लागते?

या चार प्रश्नांना पुरून उरणारी माझी निवड साधी आहे. मूळ माहिती स्प्रेडशीटमध्ये ठेवायची. नकाशा क्यूजीआयएसमध्ये काढायचा. हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, २००२ पासून वाढत आलं आहे, एक रुपयाही लागत नाही, आणि तालुक्यांचा नकाशा जुन्या लॅपटॉपवरही निघतो. माहिती आपल्याच मशीनवर राहते. तयार नकाशा पीडीएफ किंवा चित्र म्हणून बाहेर काढायचा. फोनवर बोट ठेवून पाहता येईल असा नकाशा हवाच असेल तर डेटारॅपरसारखं साधन फुकटात पुरतं, मात्र त्यावर फक्त आधीच जाहीर असलेले आकडे चढवायचे. बस्स. पगार देऊन माणूस ठेवता येत नाही तोवर यापुढे जाऊ नका.

आता जिथे आम्ही ठेचकाळलो त्या जागा सांगतो. २०११ मध्ये महाराष्ट्रात ३५ जिल्हे होते. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला. जुने आकडे नव्या सीमांवर जोडले की पालघर रिकामा दिसतो आणि ठाण्याचा आकडा खोटा ठरतो. ज्या वर्षाचे आकडे, त्याच वर्षाच्या सीमा घ्या. तक्ता आणि नकाशा नावावरून जोडू नका, जनगणनेच्या कोडवरून जोडा. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. नावावर भरवसा ठेवला की तीन जिल्हे गायब. शेपफाईलमध्ये स्तंभाचं नाव दहा अक्षरांपलीकडे जात नाही आणि देवनागरीची कधी कधी खिचडी होते, म्हणून जिओपॅकेज वापरा. रंग टक्केवारीला द्या, एकूण संख्येला नको. एकूण संख्या दाखवायची असेल तर लहानमोठी वर्तुळं काढा. गडचिरोलीचं क्षेत्रफळ १४ हजार चौरस किलोमीटरच्या वर, मुंबईचे दोन्ही जिल्हे मिळून सहाशेच्या आसपास. नुसता रंग भरला तर डोळा गडचिरोलीवर जातो आणि माणसं असतात मुंबईत. आणि पूर्ण भारताचा नकाशा छापणार असाल तर बाह्य सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच ठेवा. परदेशी साधनांतल्या तयार नकाशांवर काश्मीरची सीमा बऱ्याचदा वेगळी असते. चुकीची सीमा छापणं आपल्याकडे गुन्हा आहे, आणि आपल्या नावाने असा नकाशा निघाला तर पुढे काय होईल हे मी सांगायला नको.

यातल्या एकाही गोष्टीला मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. लागते ती काळजी.

आता खरा मुद्दा. आमच्या त्या डॅशबोर्डमध्ये पुढच्या टप्प्यात घराघराचे ठिपके टाकायचे होते. कुठल्या घरात विधवा आहे, कुठे मुलगी शाळा सोडून बसली आहे, कुठे कमावतं माणूस नाही. जकातीची मदत नेमकी पोहोचावी, हा हेतू. हेतूत खोट नव्हती. पण सर्व्हर बंद पडला याचे आज मी आभार मानतो.

१९४१ मध्ये नाझींच्या ताब्यातल्या ॲमस्टरडॅम शहरात महापालिकेच्या सांख्यिकी विभागाने ज्यूंचा नकाशा काढला. एक ठिपका म्हणजे दहा ज्यू. आदेश आला आणि पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी तो नेटकेपणाने पाळला. पुढच्याच वर्षी त्या मोहल्ल्यांतून माणसं भरून गाड्या छळछावण्यांकडे निघाल्या. फार लांबचं वाटत असेल तर जवळचं आठवा. १९८४ मध्ये दिल्लीत शिखांची घरं शोधायला मतदार याद्या वापरल्या गेल्या, असं वाचलेल्यांनी वारंवार सांगितलं आहे. ती यादी कुणी दंगलीसाठी बनवली नव्हती. यादी कुणाच्या हातात पडेल हे ती बनवणाऱ्याच्या हातात नसतं.

जनगणना अनुसूचित जाती-जमातींचे आकडे गावापर्यंत देते, पण धर्माचे आकडे तालुका आणि शहरापाशी थांबतात. सरकार जिथे थांबतं त्याच्या पुढे जाऊन आपण स्वतःच्या हाताने, स्वतःच्या घरांचा, धर्मानुसार नकाशा काढून परक्या सर्व्हरवर ठेवायचा? कशासाठी? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही माणसाची माहिती त्याच्या संमतीशिवाय अशी उधळायला परवानगी देत नाही. गरजू घरांची यादी लागतेच. ती वहीत ठेवा, कपाटात ठेवा, दोन भरवशाच्या माणसांकडे ठेवा. नकाशावर नको.

मग बारकाईने नकाशा कशाचा काढायचा? सोयींचा. शाळा कितवीपर्यंत आहे, आरोग्य केंद्र कुठे आहे, अंगणवाडी कुठे, बस कुठपर्यंत येते, पाण्याची टाकी कुठे. हे ठिपके अगदी जागेवर टाका, त्याने कुणाला धोका नाही. माणसं तालुक्याच्या रंगात दाखवा, सोयी ठिपक्यांत. जिथे रंग गडद आणि ठिपके विरळ, तिथे आपली मागणी.

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी आम्ही हेच केलं. नकाशा मी काढला नाही. बी.ए. करणाऱ्या एका मुलीने काढला, दोनऐवजी तीन संध्याकाळ लागल्या इतकंच. एका मोठ्या कागदावर तिने फक्त शाळा दाखवल्या. आठवीला संपणाऱ्या एका रंगात, दहावीपर्यंतच्या दुसऱ्या, आणि मधल्या अंतराच्या रेषा. शिक्षण विभागातल्या साहेबांनी तो पाहिला, चष्मा काढून पुन्हा पाहिला आणि विचारलं, "ही रेषा किती किलोमीटरची?" तिने सांगितलं. नववीचे वर्ग अजून सुरू झालेले नाहीत, खोटं बोलणार नाही. पण प्रस्ताव फाईलवर आला आहे आणि नकाशा त्या फाईलला जोडलेला आहे. आमच्या डॅशबोर्डने आठ महिन्यांत एवढंही केलं नव्हतं.

काही दोस्त यावर चिडतात. "मोठ्या कंपन्यांनी भारी साधनं वापरायची आणि आपण मात्र साधंच वापरायचं? आपण कायम मागेच राहायचं का?" हा राग मला समजतो, माझाही होता. पण मागासलेपण सॉफ्टवेअरच्या किमतीवरून ठरत नाही. साधन दुसऱ्याच्या हातात आणि आपण फक्त बघणारे, ही खरी मागे राहण्याची अवस्था. जे साधन मोहल्ल्यातली दहा मुलं-मुली स्वतः चालवू शकतात, चुका दुरुस्त करू शकतात, पुढच्या बॅचला शिकवू शकतात, तेच आपलं. भारी तंत्रज्ञान शिका, त्यावर नोकऱ्या मिळवा, मीही त्यावरच पोट भरतो. पण वस्तीचं काम म्हणजे तुमच्या सीव्हीचा प्रोजेक्ट नव्हे.

तेव्हा पुढच्या रविवारी ॲपची मीटिंग घेऊ नका. एक तालुका घ्या आणि एकच प्रश्न घ्या: आमच्या मुलींना नववीत जायला किती किलोमीटर चालावं लागतं? स्प्रेडशीटमध्ये पाच स्तंभ भरा. जे आकडे कचेरी देत नाही ते माहितीच्या अधिकारात मागा. नकाशा छापा, खाली वर्ष आणि स्रोत लिहा, दोन प्रती काढा. एक कचेरीत द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक घेऊन या.

तो क्रमांक मिळाला की मला कळवा. लोगो नंतर ठरवू.