नावाचा अधिकार आणि आवाजाची मर्यादा

ख्रिस्ती मनुष्याने येशूचे नाव घेऊन मोठ्याने प्रार्थना करावी, की शेजाऱ्यांची मने राखण्याकरिता ते नाव ओठांआडच ठेवावे, हा प्रश्न आमच्या भिवंडी तालुक्यात आता केवळ धर्मपंडितांच्या वादाचा राहिलेला नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये चिंबीपाडा येथील एका प्रार्थनासभेवरून एका अमेरिकी नागरिकासह तिघांना अटक झाल्याचे वृत्त आले. धर्मांतराचा प्रयत्न केला, असा त्यांच्यावर आरोप होता. त्या आरोपाचा निवाडा करणे न्यायासनाचे काम आहे. त्यात आम्ही पडत नाही. परंतु असे प्रकरण उद्भवले म्हणजे 'प्रार्थना करा, पण नाव घेऊ नका' असा सल्ला साध्या ख्रिस्ती कुटुंबांस देण्याचा मोह पुष्कळ शांतताप्रिय गृहस्थांस होतो. तो सल्ला सद्बुद्धीचा असला तरी चुकीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम ख्रिस्ती धर्माचेच म्हणणे पाहू. लोकांनी पाहावे म्हणून चव्हाट्यावर उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांस येशूने दोष दिला आणि खोलीचे दार लावून एकांतात प्रार्थना करावी असे शिकविले, हे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. आपल्या नावाने मागावे असेही त्यानेच शिष्यांस सांगितले, हे योहानाच्या शुभवर्तमानात आहे. या दोहोंत विरोध नाही. पहिल्या उपदेशाने दिखाऊपणाचा निषेध होतो. दुसऱ्याने प्रार्थनेचा अधिकार कोठून येतो ते कळते. आमच्या व्यवसायातील दाखला द्यावयाचा तर, दुसऱ्याच्या नावाने बोलणे हे मुखत्यारपत्रासारखे आहे. ज्याने अधिकार दिला त्यास मान्य न होणारी गोष्ट मुखत्याराने त्याच्या नावावर करावयाची नसते. म्हणून येशूच्या नावाने प्रार्थना करणाऱ्याने त्याच नावावर शेजाऱ्याच्या देवाची निंदा करणे, किंवा रोग्यास औषध सोडावयास लावून चमत्काराची हमी देणे, ही त्या अधिकाराची पायमल्ली होय.

नावाचा महिमा महाराष्ट्रास कोणी परक्याने शिकवावा असे नाही. वारकऱ्यांचे नामस्मरण उघड्या रस्त्यावर टाळमृदंगाच्या गजरात चालते आणि त्यात कोणास संकोच वाटत नाही. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी आपली ख्रिस्तभक्ती मांडली ती अभंगांतून. केडगाव येथे पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात 1905 साली शेकडो स्त्रिया व मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, तेव्हा तो प्रकार कित्येक ख्रिस्ती लोकांसही रुचला नाही. तात्पर्य, मोठ्याने की मनात, हा वाद त्या धर्माच्या घरातलाच जुना वाद आहे. तो त्या घरातल्यांनीच मिटवावा. फौजदाराने किंवा जमावाने त्यात पंच होण्याचे कारण नाही.

कायद्याची स्थितीही हीच आहे. संविधानाचे 25 वे कलम धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते. मात्र सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून. प्रसार म्हणजे आपली तत्त्वे समजावून सांगणे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा तो मूलभूत हक्क नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली ठरविले. पुढे 2000 साली चेन्नईच्या एका ख्रिस्ती प्रार्थनामंदिराच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, ध्वनिवर्धक लावून वा ढोल बडवून इतरांची शांतता भंग करा, असे कोणताही धर्म सांगत नाही. वाचकांनी येथे बारकाई पाहावी. न्यायालयाने हात घातला तो आवाजास, नावास नव्हे. त्याच वर्षीच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीच्या भागास दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. ती मोजणाऱ्या यंत्रास कोणाचे नाव घेतले हे कळत नाही, हाच त्या नियमाचा मोठा गुण आहे.

मात्र हे यंत्र सर्वांच्या दारात सारखे लागले पाहिजे. भजनाचा कर्णा, मशिदीचा भोंगा, मिरवणुकीतील डीजे आणि ख्रिस्ती सभेचा ध्वनिवर्धक यांस एकच माप हवे. ध्वनिवर्धक हा कोणाचाही मूलभूत हक्क नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2016 साली सर्वांनाच उद्देशून सांगितले आहे.

भिवंडीने या बाबतीत फार महाग किंमत मोजली आहे. 7 मे 1970 रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी उसळलेल्या दंग्याची चौकशी न्यायमूर्ती मादन यांना करावी लागली. 1984 साली पुन्हा रक्त सांडले. श्रद्धेचे नाव दुसऱ्यास डिवचण्याकरिता उच्चारले म्हणजे काय होते, हे आम्हांस सांगावयास नको. परंतु त्याच गावात 1988 पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या आणि 1992-93 साली मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. त्या शांततेसाठी कोणास आपला धर्म लपवावा लागला नाही. शेजाऱ्यांस एकमेकांसमोर बसून बोलावे मात्र लागले.

नाव गाळून केलेली प्रार्थना शांततेचे साधन होऊ शकत नाही. एप्रिल 1947 मध्ये दिल्लीच्या प्रार्थनासभेत कुराणातील आयती म्हणण्यास काहींनी हरकत घेतली, तेव्हा गांधीजींनी तेवढा भाग वगळून प्रार्थना उरकली नाही, प्रार्थनाच थांबविली. मौन पाळणे सन्मानाचे आहे. भीतीने श्रद्धेस कात्री लावणे सन्मानाचे नाही.

म्हणून आमचे सांगणे तिघांस आहे. ख्रिस्ती बंधुभगिनींनी आपल्या घरी व मंदिरात येशूचे नाव निःसंकोच घ्यावे. मात्र भिंतीपलीकडे आजारी माणूस वा अभ्यास करणारे मूल आहे हे विसरू नये, आणि सर्वधर्मीयांच्या सभेत इतरांच्या वतीने बोलताना त्यांची संमती गृहीत धरू नये. बहुसंख्य समाजाने दुसऱ्याच्या दारात कान लावून बसू नये. तक्रार असल्यास ती आवाजाची, फसवणुकीची वा जबरदस्तीची असावी, नावाची नसावी. आणि पोलिसांनी डेसिबल मोजावे, पुरावा तपासावा; पण कोणी देवास कोणत्या नावाने हाक मारली, याची नोंद आपल्या डायरीत करू नये. स्वराज्यात प्रजेच्या आवाजाला मर्यादा असू शकते. तिच्या देवाच्या नावाला नव्हे.