हिमालयात जाताय? डोके दुखले तर लपवू नका

मार्च-एप्रिल आला की आमच्या दवाखान्यात एक ठरावीक कागद येऊ लागतो. हिमालयातील ट्रेकसाठी लागणारा वैद्यकीय दाखला. छापील नमुना असतो. नाव, वय, रक्तगट आणि खाली डॉक्टरांची सही व शिक्का. "डॉक्टर, तपासायचं काही नाही, नुसती सही पाहिजे," असे म्हणत तो टेबलावर सरकवला जातो. परवा एक गृहस्थ असाच कागद घेऊन आले. "पेशंट कुठे आहे?" असे विचारले तर म्हणाले, "भाच्याचा आहे. तो पुण्याला असतो. तुम्ही तर त्याला लहानपणापासून ओळखता!"

ओळखतो हे खरे. पण लहानपणी ज्याच्या गोवरावर औषध दिले, त्याचा आजचा रक्तदाब मला कसा कळावा? मी सही केली नाही. गृहस्थ नाराज होऊन गेले. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला फारसा नाही, कारण काही वर्षांपूर्वीपर्यंत अशा सह्या मीही सहज केल्या आहेत. एवढेच नव्हे, तीन वर्षांपूर्वी वयाच्या ५४ व्या वर्षी मी स्वतः हिमालयात पहिल्यांदा गेलो, तेव्हा माझाही दाखला एका डॉक्टर मित्राने चहा पिता पिता, माझी नाडीसुद्धा न बघता दिला होता. पुढे जे घडले त्यावरूनच आजचा लेख लिहीत आहे.

आम्ही गेलो तो ट्रेक हिमाचल प्रदेशातील सार पासचा. पार्वती नदीच्या खोऱ्यात कसोल नावाचे गाव आहे, तिथून तो सुरू होतो. आपल्याकडचे पुष्कळ तरुण पहिला ट्रेक म्हणून हाच निवडतात. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. कसोल गाव साधारण तेवढ्याच उंचीवर वसलेले आहे! म्हणजे आपले सगळे डोंगर जिथे संपतात, तिथे हा ट्रेक सुरू होतो. पुढे ग्रहण नावाचे गाव, मग मिन थाच, मग नगारू असे मुक्काम करीत माणूस ३८०० मीटरच्या आसपास पोहोचतो आणि खिंड ओलांडतो ती सुमारे ४२०० मीटरवर. आपले गड कितीही चढलेले असले तरी या उंचीचा सराव इथे होत नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे.

उंचीवर नेमके काय होते? "तिथे ऑक्सिजन कमी असतो" असे सर्रास म्हटले जाते. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण तिथेही २१ टक्केच असते. पण हवेचा दाब कमी होतो, हवा विरळ होते आणि प्रत्येक श्वासाबरोबर आत जाणारा ऑक्सिजन घटतो. सार पासच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास राहतो. शरीर यावर उपाय करते. श्वास वाढतो, नाडी जलद होते, लघवी जास्त होते, रक्तातील आम्ल-अल्काचा तोल नव्याने साधला जातो. पण हे काम एका रात्रीत होत नाही, त्याला दिवस लागतात. चढणारा माणूस घाई करतो आणि शरीर मागे राहते. या ओढाताणीतून जो त्रास होतो, त्याला आपण 'उंचीचा आजार' म्हणू.

साधारण अडीच हजार मीटरच्या वर तो कोणालाही होऊ शकतो. प्रथम डोके दुखते. जोडीला मळमळ, अन्नावरची वासना जाणे, चक्कर, गळाठा, झोप न लागणे. या पायरीवर थांबून विश्रांती घेतली तर बहुतेकांना एकदोन दिवसांत बरे वाटते. थांबले नाही तर क्वचित दोन भयंकर गोष्टी घडतात. एक म्हणजे फुप्फुसात पाणी होणे. यात बसल्या जागी धाप लागते, खोकला येतो, ओठ निळसर पडतात, पुढे गुलाबी फेसाळ थुंकी पडते. दुसरी म्हणजे मेंदूला सूज येणे. माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, असंबद्ध बोलतो, गुंगीत जातो. या दोन्हींत काही तासांत जीव जाऊ शकतो.

"आमचा मुलगा रोज पाच किलोमीटर धावतो, त्याला काय होणार?" असे पालक विचारतात. धावण्याने चढायला दम येतो, उंचीचा आजार मात्र त्याने टळत नाही. १९६२ च्या युद्धाच्या काळात आपले जवान सपाटीवरून थेट लडाखसारख्या उंच प्रदेशात पाठवावे लागले. डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा जवळजवळ दोन हजार जवानांच्या आजाराचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. जगभरच्या डॉक्टरांनी तो वाचला. ते सगळे निवडून घेतलेले, धट्टेकट्टे सैनिक होते. उलट अनुभव असा की, तब्येतीवर भरवसा ठेवून भराभर चढणाराच आधी आजारी पडतो.

आता माझी हकीकत. आमची चाळीसएक जणांची तुकडी होती. दोन महिने मी सकाळी चार किलोमीटर चालत होतो, जिने चढत होतो, त्यामुळे पायांची तक्रार नव्हती. डॉक्टर आहे म्हटल्यावर तुकडीत मान मिळाला. कोणाच्या टाचेला फोड, कोणाचे पोट बिघडलेले, सगळे माझ्याकडे येत. मिन थाचच्या मुक्कामी रात्री माझे डोके ठणकू लागले. मी अंधारात पॅरासिटामॉलची गोळी घेतली आणि पडून राहिलो. सकाळी बरे वाटले. दुसऱ्या दिवशी नगारूला पोहोचल्यावर पुन्हा तेच. संध्याकाळी कॅम्प लीडरने सर्वांना उभे करून विचारले, "किसी को कोई तकलीफ?" चाळीस जणांनी एका सुरात "नहीं" म्हटले. त्यात माझाही आवाज होता.

तंबूत परतलो तर शेजारचा पंचविशीतला मुलगा, नागपूरकडचा, बाहेर जाऊन ओकून आला होता. दुपारपासून तिसरी खेप. मला म्हणाला, "काका, लीडरला सांगू नका. उद्याचा एकच दिवस राहिलाय." मी डॉक्टरी थाटात त्याला समजावू लागलो की, असे लपवणे धोक्याचे आहे. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "पण काका, काल रात्री तुम्हीपण गोळी घेतलीत ना? तुम्ही सांगितलं का?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. तीस वर्षे रोग्यांना "काही लपवू नका" असे सांगणारा मी, चाळीस माणसांत कमीपणा येईल म्हणून गप्प बसलो होतो. आम्ही दोघेही उठून लीडरकडे गेलो. त्याने न रागावता दोघांना नीट विचारले, चालवून पाहिले. उलट्या थांबत नव्हत्या म्हणून त्या मुलाला उजेड होता तोवर वाटाड्याबरोबर मिन थाचला खाली पाठवले. माझे डोके सौम्य दुखत होते, इतर काही नव्हते. "सकाळी दुखणं पूर्ण थांबलं असेल तरच पुढे," असे मला बजावले. सकाळी थांबले होते. मी खिंड ओलांडली. तो मुलगा खाली उतरल्यावर रात्रीच डाळभात जेवला, असे नंतर कळले. पुढच्या वर्षी तो पुन्हा गेला आणि खिंड ओलांडून आला. खिंड काही पळून जात नाही.

माझे मत असे झाले आहे की, पहिल्या ट्रेकला जाणाऱ्याला थंडीपेक्षा, बर्फापेक्षा मोठा धोका संकोचाचा असतो. चार महिने आधी गाडीचे आरक्षण केलेले असते, पैसे भरलेले असतात, साहेबाची मनधरणी करून रजा मिळवलेली असते. घरच्यांना, गल्लीतल्यांना सांगून झालेले असते. त्यात "माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको" ही भावना. एकटा माणूस दुखले की थांबतो. घोळक्यात मात्र तो रेटून नेतो. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट दिसते. आडोसा मिळत नाही म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्याने डोके दुखते, लघवीची जळजळ मागे लागते आणि नेमका कशाचा त्रास होतो आहे हे ओळखणे अवघड होते. तुकडीतल्या पुरुषांनी थोडे समजून घेतले, वेळेवर थांबले, तर हे सहज टळेल.

मग दाखल्याचा उपयोग काय? आहे, पण मर्यादित आहे. रक्तदाब, हृदयविकार, दमा, मधुमेह, रक्ताची कमतरता, सिकलसेल, गरोदरपण या गोष्टी डॉक्टरला आधी कळल्याच पाहिजेत. हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, आपल्याकडे ते कमी असलेल्या मुली पुष्कळ आढळतात. चालू औषधे किती न्यायची, कुठली बदलायची हे ठरवता येते. मात्र उंचीवर कोणाला त्रास होणार आणि कोणाला नाही, हे आमच्या टेबलावर कुठल्याही यंत्राने सांगता येत नाही. पूर्वी उंचीवर त्रास झालेला असेल तर तो पुन्हा होण्याचा संभव असतो, एवढे सांगता येते. कोरोनाच्या काळात घरोघरी आलेले ऑक्सिमीटर आता ट्रेकलाही नेतात. न्यावे, पण त्यावर विसंबू नये. नगारूसारख्या उंचीवर धडधाकट माणसाचाही आकडा नव्वदीच्या खाली येऊ शकतो आणि आकडा बरा दिसला तरी माणूस आजारी असू शकतो. आकड्यापेक्षा माणसाकडे बघावे.

अ‍ॅसिटाझोलामाइड नावाची गोळी उंचीशी जुळवून घेण्यास मदत करते. ती उपयोगी आहे, पण डॉक्टरला विचारूनच घ्यावी. सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर तसे आवर्जून सांगावे. मित्राने घेतली म्हणून आपणही घेऊ नये आणि गोळी घेतली म्हणून भराभर चढण्याची मुभा मिळाली असे समजू नये.

ज्यांना यंदा जायचे आहे त्यांनी पुढील गोष्टी कात्रण काढून सॅकमध्ये ठेवाव्यात:

१) तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा असावा. पैसे भरण्यापूर्वी वेळापत्रक मागून घ्या आणि हे ताडून पाहा.

२) उंचीवर डोके दुखू लागले आणि दुसरे कारण स्पष्ट नसेल, तर तो उंचीचाच आजार समजा. दुखणे थांबेपर्यंत वर चढू नका.

३) थांबूनही त्रास वाढला तर खाली उतरा. बसल्या जागी धाप, झोकांड्या किंवा भ्रम दिसला तर सकाळची वाट न पाहता रोग्याला खाली न्या. ऑक्सिजन व औषधे असतील तर द्यावीत, पण त्यासाठी उतरणे थांबवू नये.

४) शंका आली तर जमिनीवरच्या सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून चालायला सांगा. तोल जात असेल तर त्याला खाली न्या. एकट्याला कधीही पाठवू नका किंवा मागे ठेवू नका.

५) दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण वर्ज्य. पाणी पुरेसे प्या, जेवण टाळू नका.

६) तुकडीत दोघादोघांच्या जोड्या करा. संध्याकाळी प्रत्येकाने जोडीदाराची चौकशी करावी. चारचौघांत जे बोलवत नाही ते माणूस एकट्याला सांगतो.

"डॉक्टर, एवढी भीती घातलीत तर कोण जाणार?" असे काही वाचक म्हणतील. जरूर जा. पहाटे कडक बर्फावर पाय रोवत खिंडीत पोहोचल्यावर चोहोबाजूंनी जे दिसते, ते या वयातही मला पुन्हा बोलावते आहे. मुलांनाही पाठवा. दहा दिवस आपली पथारी आपण उचलणे आणि आपले ताट आपण धुणे हे घरी कितीही सांगून होत नाही, तिथे आपोआप होते. फक्त कसोलहून फोन आला की "झाला का पास?" असे आधी विचारू नका. "डोकं दुखलं होतं का? आणि दुखलं तर सांगितलंस का?" असे विचारा. खाली उतरून आलेल्या मुलाचे स्वागत खिंड ओलांडून आलेल्याइतक्याच कौतुकाने करा. घरी हसू होणार नाही याची खात्री असेल, तर मूल डोंगरात खरे बोलेल.

आमच्या व्यवसायातील बंधुभगिनींनाही विनंती आहे. सहीला दोन मिनिटे लागतात, तपासणीला पंधरा लागतील. ती पंधरा मिनिटे द्यावीत आणि शेवटची दोन मिनिटे "लपवू नकोस" एवढे सांगण्यात घालवावीत.

त्या भाच्याच्या मामांनाही सांगणे आहे. सही मी आनंदाने करीन. फक्त पुढच्या वेळी भाच्याला बरोबर आणा.