परिचारिकेचे वेतन: यवतमाळ, अमेरिका आणि अकरा महिन्यांचा करार

यवतमाळ जिल्ह्यातील एखादी मुलगी परिचर्येचा अभ्यासक्रम पूर्ण करते, तेव्हा तिला काम मिळेल की नाही याची चिंता फारशी नसते. परिचारिका सर्वत्र हव्याच आहेत. ते काम कोणत्या कागदावर मिळेल, हा खरा प्रश्न असतो. कारण तिचे वेतन तिच्या हातच्या कौशल्यापेक्षा त्या कागदावरच अधिक ठरते.

राज्य शासनाच्या सेवेतील अधिपरिचारिकेचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. त्यावर महागाई भत्ता व घरभाडे भत्ता मिळतो आणि दरवर्षी वेतनवाढही होते. राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली कंत्राटी नेमणूक झालेली परिचारिका मात्र वीस हजारांच्या आसपासच्या एकत्रित मानधनावर काम करते आणि तिची नेमणूक बहुधा अकरा महिन्यांची असते. दोघी रात्रपाळी करतात, दोघी सलाईन लावतात, आणि रुग्ण दोघींनाही ‘सिस्टर’ म्हणूनच हाक मारतो.

खासगी रुग्णालयांची स्थिती याहून बिकट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी दिलेल्या आदेशानुसार केंद्राने एक समिती नेमली होती. दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात शासकीय परिचारिकेइतके वेतन द्यावे, शंभर ते दोनशे खाटा असल्यास ते फार तर १० टक्क्यांनी आणि पन्नास ते शंभर खाटा असल्यास फार तर २५ टक्क्यांनी कमी असावे, तसेच पन्नासहून कमी खाटांच्या ठिकाणीही ते दरमहा २०,००० रुपयांखाली जाऊ नये, अशी शिफारस तिने केली. वणी, पुसद, दारव्हा अशा गावांतील खासगी रुग्णालये बहुधा लहान असल्याने आपल्यासाठी शेवटचाच आकडा महत्त्वाचा आहे. परंतु शिफारस म्हणजे कायदा नव्हे. केरळने २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना काढून तिला बळ दिले आणि तेही परिचारिकांच्या दीर्घ लढ्यानंतर. मिशन रुग्णालयांनीही आपल्या वेतनपत्रकाकडे याच कसोटीने पाहावे, असे आम्हांस वाटते. सेवाभाव हा धर्मभगिनींनी स्वेच्छेने घेतलेला व्रताचा भाग आहे. तो पगारी परिचारिकेच्या वेतनातून कापून घेता येत नाही.

अमेरिकेतील फिरत्या परिचारिकांची व्यवस्था येथे पडताळून पाहण्याजोगी आहे. तेथे एजन्सीमार्फत साधारणतः तेरा आठवड्यांचा करार होतो. रुग्णालय एजन्सीला तासाचा दर देते. एजन्सी त्यातून आपला वाटा ठेवते आणि उरलेले परिचारिकेला देते. त्याचा एक भाग तासाच्या करपात्र मजुरीचा असतो, तर दुसरा निवास व भोजनभत्त्याचा. परिचारिकेने आपले मूळ घर खरोखर राखले असेल तर या भत्त्यावर कर लागत नाही. अतिदक्षता विभागाचा अनुभव, रात्रपाळी, थंडीच्या दिवसांतील गर्दी, परवान्याचे राज्य यांवर दर चढतो वा उतरतो. कोविडच्या काळात हे दर कित्येक पटींनी वाढले आणि नंतर झपाट्याने खाली आले. दोन करारांमधले रिकामे आठवडे मात्र बिनपगारी जातात, ही गोष्ट आकर्षक जाहिरातींत सहसा दिसत नाही.

तरीही एक भेद डोळ्यांत भरतो. तेथे अल्पकालीन करार स्वीकारणारीला कायम परिचारिकेपेक्षा बहुधा अधिक मिळते, कारण अस्थिरतेची किंमत मोजली जाते. आपल्याकडे अस्थिर नोकरीचे वेतनच कमी. शासकीय पद रिक्त राहिले म्हणून कंत्राटीचे मानधन वाढत नाही. ते आधीच मंजूर झालेल्या निधीत बसवलेले असते. मे २०२२ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये राज्यातील परिचारिकांनी कंत्राटी भरतीविरुद्ध संप केला, त्यामागील भीती यामुळे समजते.

मग परदेशाकडे डोळे लागतात. अमेरिकेसाठी परवाना परीक्षा, इंग्रजीची परीक्षा आणि व्हिसाची लांब रांग. जर्मनीसाठी भाषेची मोठी तयारी. महाराष्ट्राने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला असून त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. आखातात आयकर नाही आणि पुष्कळदा राहण्याची सोय असते, म्हणून शिल्लक बरी राहते. पण एजंटाचे कर्ज डोक्यावर असेल तर पहिली एक-दोन वर्षे त्यातच जातात. कायद्यानुसार नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यांहून अधिक शुल्क घेता येत नाही. लाखांत रक्कम मागणाऱ्याकडे नोंदणी क्रमांक विचारावा.

फिरती परिचारिका आपल्या जिल्ह्यातही आहे, हे विसरता कामा नये. आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा निकष आहे. झरी-जामणी वा मारेगावच्या पोडांवर लसींचा डबा घेऊन जाणारी एएनएम याच उपकेंद्राची. रस्ता आणि पावसाळा यांचा भार ती उचलते, आणि ती कंत्राटी असेल तर तिचे मानधन रुग्णालयातील परिचारिकेहूनही कमी असते.

करारावर सही करण्यापूर्वी मूळ वेतन किती व भत्ते किती, भविष्य निर्वाह निधी कापला जातो का, जादा तासांचे काय, हे लेखी घ्यावे. मूळ प्रमाणपत्रे मात्र कोणाकडेही ठेवून घेऊ देऊ नयेत. ती अडकली की चांगली नोकरी चालून आली तरी जाता येत नाही.