कृषि-विद्यापीठांतील रसायनग्रंथ

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं आपल्या शेतांतील माती तपासून घेतली असेल. तपासणीच्या पत्रिकेवर सेंद्रिय कर्ब, नत्र व स्फुरद यांचे आंकडे येतात व त्यांवरून खताच्या गोण्या ठरतात. हे आंकडे काढण्याच्या रीति कोठून आल्या, हें मात्र क्वचितच कोणी विचारतो. कर्बाची प्रचलित रीत वॉकली व ब्लॅक यांनीं १९३४ सालीं प्रसिद्ध केली. नत्राची सुब्बय्या व असिजा यांनीं १९५६ सालीं, आपल्याच देशांतील 'करंट सायन्स'मध्यें, अवघ्या दोन पानांत.

वॉकली-ब्लॅक रीतीनें मातींतील सगळा कर्ब हातीं लागत नाहीं. शेंकडा सुमारें ७७ लागतो असें धरून बाकीची भर गुणकानें घालतात. हा ७७ चा आंकडा प्रत्येक जमिनीस सारखाच लागू पडेल असें नाहीं. आमच्या काळ्या जमिनींत तो पारखून पाहावयाचा, तर मूळ निबंध व त्यावर पुढें झालेली चर्चा संशोधकाच्या हाताशीं असली पाहिजे. म्हणून राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील विद्यापीठांत रसायनाचा ग्रंथसंग्रह कसा होतो, हा प्रश्न केवळ प्राध्यापकांचा नाहीं.

एका ग्रंथालयांतील मार्चअखेरची खरेदी आम्हीं पाहिली आहे. अनुदान परत जाऊं नये म्हणून विक्रेत्याच्या यादीवर घाईघाईनें खुणा झाल्या. एकाच पाठ्यपुस्तकाच्या वीस प्रती आल्या, मृदारसायनाचा आधारग्रंथ एकहि आला नाहीं. बियाणें असें कोणी घेईल काय?

याहून शहाणपणाची रीत अमेरिकेंतील पोमोना कॉलेजांतल्या ग्रॉस व ग्रॉस यांनीं १९२७ सालींच दाखविली. लहान कॉलेजानें रसायनाचीं कोणतीं नियतकालिकें घ्यावीं, हें ठरविण्यासाठीं त्यांनीं अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाचा १९२६ चा खंड उघडला व त्यांत आधारादाखल दिलेले ३,६३३ उल्लेख मोजले. जर्मन नियतकालिकांवांचून चालावयाचें नाहीं, हें त्या मोजणीनें उघड झालें. त्यांची यादी आपणांस निरुपयोगी. त्यांची मोजणी मात्र घेण्यासारखी आहे. आमच्या विद्यापीठांनीं गेल्या दहा वर्षांतील आपलेच प्रबंध उघडून आधार मोजावे. अर्थात् जें मिळालेंच नाहीं त्याचा उल्लेख विद्यार्थी कोठून करणार? तेव्हां मागूनहि न मिळालेल्या ग्रंथांची वही वेगळी ठेवावी. आमच्या मतें हीच वही अधिक मोलाची.

१ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारच्या 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेनें ३० प्रकाशकांचीं सुमारें १३,००० नियतकालिकें सरकारी संस्थांस संगणकावर खुलीं झालीं. तीन वर्षांकरितां ६,००० कोटि रुपये मंजूर आहेत. योजना चांगली, पण ही खंडानें घेतलेली जमीन आहे, मुदत संपली कीं बांधावर उभें राहावें लागेल. बांधीव जुने खंड ही मालकीची जमीन. जागा अडते म्हणून ते रद्दींत घालण्याची भाषा आतां ऐकूं येते. चौघांनींहि सर्व कांहीं जपावें असा आमचा हट्ट नाहीं. आपसांत वांटणी करून प्रत्येक मूळ नियतकालिकाचा एक पूर्ण संच कोठेंतरी राहिला म्हणजे झालें.

विद्यापीठांच्या कार्यकारी परिषदेवर शेतकऱ्यांचे प्रतिनिधि असतात. येत्या अंदाजपत्रकाच्या वेळीं त्यांनीं ती वही मागून पाहावी.